लिहिणं आणि पुस्तकांची परीक्षणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कथा लिहिते आणि इतरांच्या पुस्तकांवर परीक्षणंही लिहिते. दोन्ही कामांबद्दल तेच ते प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतात. घाईत दिलेली उत्तरं नंतर मलाच अपुरी वाटतात, म्हणून ती इथे एकदा सावकाश लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टींवर मी अजूनही विचार करते आहे.

परीक्षण लिहिण्याआधी तुम्ही पुस्तक किती वेळा वाचता?

दोनदा. पहिल्यांदा वाचताना पेन्सिल जवळ ठेवत नाही. कुठलाही वाचक वाचेल तसं वाचते: कधी एका बैठकीत शंभर पानं, कधी चारच. नोंद फक्त एका गोष्टीची ठेवते, पुस्तक कुठे खाली ठेवलं याची. खुणेच्या चिठ्ठीवर त्या पानांचे आकडे लिहीत जाते. दुसऱ्या वाचनात त्या पानांवर परत जायचं आणि आपण का थांबलो होतो ते शोधायचं. कंटाळा आला होता, की वाचलेलं मुरायला वेळ हवा होता? हात दोन्ही वेळा सारखाच थांबतो आणि पहिल्या वाचनात हा फरक कळतोच असं नाही.

एका कादंबरीत मी एकाच प्रकरणात तीन वेळा थांबले होते. प्रकरण रटाळ आहे असं मनाशी पक्कं झालं होतं. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की तिथे क्रियापदांचा काळच बदललेला आहे. आधी ‘तो आला, बसला, बोलला’ असं चाललेलं निवेदन त्या प्रकरणात ‘तो येई, बसे, काही बोलत नसे’ असं होतं. तीस पानं कुठलीही गोष्ट एकदाच अशी घडत नाही. सगळं रोजचं, पुन्हा पुन्हा घडणारं. त्या संसारातलं साचलेपण लेखिकेने रीतिभूतकाळात भरून ठेवलं होतं आणि मला आलेला शीण तिला हवाच होता. त्यासाठी तीस पानं लागत होती का, हा प्रश्न मला तरीही पडला आणि तोही मी परीक्षणात लिहिला. एकदाच वाचून लिहायला बसले असते तर ‘मध्यंतरी कादंबरी रेंगाळते’ एवढं लिहून मोकळी झाले असते. ते वाक्य खोटं ठरवता आलं नसतं, आणि मला भीती वाटते ती अशाच वाक्यांची.

कवितासंग्रहाला दोनदा पुरत नाही. एकदा तरी तो सगळा मोठ्याने वाचावा लागतो.

परिचय, परीक्षण आणि समीक्षा यांत फरक काय?

पुस्तकात काय आहे ते परिचय सांगतो. परीक्षण त्यापुढे जाऊन ते कसं केलं आहे आणि साधलं आहे का, हे पाहतं. समीक्षा लिहिणाऱ्याला आपला वाचक पुस्तक वाचून आला आहे असं धरून चालता येतं. परीक्षणाच्या वाचकाने मात्र पुस्तक अजून पाहिलेलंही नसतं. या एका गोष्टीमुळे परीक्षणकर्त्यावर मोठी जबाबदारी येते. समोरचा माणूस काही काळ पूर्णपणे आपल्या डोळ्यांनी पाहत असतो.

परिचयाला मात्र कोणी कमी लेखू नये. पॅरिसमध्ये ५ जानेवारी १६६५ रोजी ‘जुर्नाल दे सावाँ’ या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला, त्यात नव्या पुस्तकांत काय आहे हे सांगणं हेच मुख्य काम होतं. दूरच्या वाचकाला ते पुस्तक हाती लागेल याची खात्री नव्हती, त्यामुळे नेमका गोषवारा हीच मोठी सेवा होती. आजही एखाद्या पुस्तकाचा प्रामाणिक गोषवारा लिहून पाहा. तीनशे शब्दांत, कुठलंही विशेषण न वापरता. मला तो लिहायला पूर्ण परीक्षणाइतकाच वेळ लागतो.

चांगल्या परीक्षणात काय असायलाच हवं?

पुस्तकातली वाक्यं. मी उद्धृत केलेल्या उताऱ्यावरून वाचकाला माझ्याशी असहमत होता आलं पाहिजे. ‘संवाद कृत्रिम आहेत’ असं मी म्हणाले आणि एकही संवाद दाखवला नाही, तर वाचकापुढे माझ्यावर विश्वास ठेवणं किंवा न ठेवणं एवढेच दोन मार्ग उरतात. संवाद दाखवला तर तो स्वतः ऐकू शकतो. एकदा एका वाचकाने कळवलं, ‘तुम्ही नावं ठेवलेला तो उतारा मला इतका आवडला की मी पुस्तक विकत घेतलं.’ ते परीक्षण माझ्याकडून चांगलं लिहून झालं होतं असं मी आजही मानते.

उतारा निवडण्यातही लबाडी करता येते, हे सांगायला हवं. कुठल्याही चांगल्या पुस्तकात दोन-तीन ढिली वाक्यं सापडतात आणि सुमार पुस्तकातही एखादा परिच्छेद झळकून जातो. म्हणून दुसऱ्या वाचनात मी पुस्तक मधेच, मनाला येईल तिथे, पाच-सहा जागी उघडते. निवडलेला उतारा त्या पानांशी जुळत नसेल तर तो बदलते.

कथानक किती सांगावं?

वाचक पहिल्या चतुर्थांशापर्यंत पोहोचेल तेवढं. त्यापुढचं सांगितल्याशिवाय मुद्दा मांडताच येत नसेल तर आधी स्पष्ट सूचना देऊन सांगावं. रहस्यकथेला ही मुभाही नाही.

परीक्षणात तुम्ही कोणते शब्द टाळता?

‘ओघवती भाषा’, ‘मनाचा ठाव घेणारी’, ‘खिळवून ठेवणारी’, ‘अंतर्मुख करणारी’, ‘हृदयस्पर्शी’, ‘वाचनीय आणि संग्राह्य’. हे शब्द मुळात वाईट नव्हते. ज्याने कोणी पहिल्यांदा भाषेला ओघ असतो असं म्हटलं, त्याने काहीतरी खरोखर पाहिलं होतं. आता ते शब्द पुस्तक न उघडताही वापरता येतात. त्यांच्या जागी पुस्तकातच शोधायला बसलं की उत्तर मिळतं. ‘ओघवती’ लिहावंसं वाटलं त्या पानावर मी वाक्यं मोजली: आठ वाक्यांत ‘आणि’ एकदाही नव्हतं, प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातल्या शेवटच्या वस्तूपासून सुरू होत होतं. दार, मग दाराची कडी, मग कडीवरचा हात. तो ओघ कसा तयार झाला हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढे माझ्या कथेत मी तसं करून पाहिलं.

‘प्रत्येकाने वाचावं असं पुस्तक’ हेही मी लिहीत नाही. प्रत्येकाने वाचावं असं पुस्तक मला अजून भेटलेलं नाही. हे कोणाला आवडेल, हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

न आवडलेल्या पुस्तकावर लिहावं का?

कधी कधी लिहावंच लागतं. एखाद्याचं पहिलंच पुस्तक असेल, फसलेलं असेल आणि फार लोकांच्या नजरेस पडणार नसेल, तर मी संपादकांना प्रत परत करते. ते पुस्तक आपोआप विस्मरणात जाणार असतं. त्यात माझा हातभार कशाला? उलट ज्या पुस्तकाचा सगळीकडे गौरव होतो आहे आणि ज्यात मला फसवणूक दिसते, त्यावर गप्प बसणं मला चुकीचं वाटतं. इतिहास, आरोग्य, विज्ञान अशा विषयांवरच्या पुस्तकात तथ्यं चुकली असतील तर भीड बाळगण्याचा प्रश्नच येत नाही. त्या चुकांचा भार वाचक सोसणार असतो.

कठोर परीक्षण पाठवण्याआधी मी ते एक रात्र बाजूला ठेवते. सकाळी वाचताना पाहते की लेखक समोर बसला असता तर यातलं प्रत्येक वाक्य मी त्याच्याकडे बघून म्हटलं असतं का. मग लिहिताना ज्या वाक्याने मला सर्वाधिक आनंद झाला ते शोधते. बहुतेक वेळा ते काढावं लागतं.

हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या काळात एका कथासंग्रहावर मी एक टाळीचं वाक्य लिहिलं. ते लोकांना इतकं आवडलं की भेटल्यावर मला म्हणून दाखवत. संग्रहातल्या कथा कशाबद्दल होत्या हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हतं. त्या लेखकाने पुढे दुसरं पुस्तक लिहिलं नाही. ते माझ्या वाक्यामुळे घडलं असं मानणं हा अहंकार होईल. पण आज ते वाक्य वाचलं की दिसतं, त्यात त्या कथांबद्दल काहीच नाही. त्यात मीच आहे.

या संदर्भात इंग्रज कवी कीट्सची गोष्ट नेहमी सांगितली जाते. १८१८ साली त्याच्या दीर्घकाव्यावर झोंबरी परीक्षणं आली. १८२१ मध्ये तो पंचविसाव्या वर्षी गेला आणि परीक्षणानेच त्याचा जीव घेतला अशी आख्यायिका तयार झाली. तो क्षयाने गेला. टीकेनंतर काही दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं होतं की त्या नियतकालिकांनी दिलं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुःख मला माझ्या स्वतःच्या परीक्षणाने दिलं आहे. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या सर्वांत मोठ्या कविता लिहिल्या. मला त्या गोष्टीतला दुसराच तपशील विसरता येत नाही. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’च्या परीक्षणकर्त्याने उघडपणे लिहिलं होतं की काव्याच्या चार भागांपैकी पहिल्याच्या पुढे आपण जाऊ शकलो नाही. आणि तरीही त्याने परीक्षण लिहिलं. पुस्तक संपवता आलं नाही तर त्यावर लिहायचं नाही, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

लेखक ओळखीचा असेल तर?

जवळचा मित्र असेल तर लिहीत नाही. नुसती ओळख असेल तर लिहिते, पण परीक्षणात ती ओळख नोंदवते. ज्याच्याशी भांडण झालं आहे त्याच्या पुस्तकावरही लिहीत नाही, अगदी कौतुक करायचं असलं तरी. आपण किती उदार आहोत हे दाखवायचा मोह त्या कौतुकात शिरतो.

निनावी परीक्षणांबद्दल तुमचं मत काय?

मी नावानिशी लिहिते. निनावी पद्धतीची बाजू मला समजते: लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये १९०२ पासून १९७४ पर्यंत परीक्षणांखाली नाव नसे, आणि त्यामागचा विचार असा की मोठ्या नावाची भीड न धरता लिहिता यावं. पण त्याच पडद्याआड बसून माणूस दुसरंही काही करू शकतो. वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये स्वतःच्या कवितासंग्रहावर स्वतःच निनावी परीक्षणं लिहून छापून आणली. कवी म्हणून तो मला अतिशय प्रिय आहे आणि तरीही हे वाचून वाईट वाटतं. त्या कवितांना त्याची गरज नव्हती.

स्वतः लिहिणाऱ्याने दुसऱ्यांची परीक्षणं करावीत का?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो फार जुना आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास संस्कृत कवी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले: रचणाऱ्याची कारयित्री आणि आस्वाद घेऊन पारखणाऱ्याची भावयित्री. भावयित्रीमुळेच कवीच्या श्रमांचं झाड फळतं, नाहीतर ते वांझ राहतं, असं तो म्हणतो. म्हणजे वाचणाऱ्याकडेही प्रतिभाच लागते, नुसती मतं पुरत नाहीत.

मला अधिक उपयोगी पडते ती त्याने सांगितलेली भावकांची, म्हणजे रसिक परीक्षकांची, वर्गवारी. अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, जो गवतासकट सगळं गिळतो. मत्सरी. आणि तत्त्वाभिनिवेशी, ज्याला खरं काय तेवढंच हवं असतं. असा हजारांत एखादा. अरोचकीपणाचेही दोन प्रकार असतात. एक उपजत असतो आणि कितीही संस्कार केले तरी जात नाही. दुसरा ज्ञानातून आलेला असतो आणि खरोखर चांगलं काही समोर आलं की विरघळतो. वर्षभर सलग परीक्षणं लिहिली की मी पहिल्या गटात सरकते. नवं पुस्तक हातात घेतानाच ओठ आवळले जातात. हे ध्यानात आलं की दोन महिने एकही परीक्षण घ्यायचं नाही आणि कोणी मत विचारणार नाही अशी पुस्तकं वाचायची. आवडत्या लेखकाच्या बाबतीत मी गवतही खाते, हेही मला माहीत आहे. त्याच्या सैल प्रकरणाला ‘संथ लय’ म्हणावंसं वाटतं.

मत्सराबद्दल लिहिणारे लोक फारसं बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. माझ्याच वयाचा, माझ्याच धाटणीचं लिहिणारा लेखक जेव्हा माझ्यापेक्षा चांगलं लिहितो, तेव्हा पोटात काहीतरी आवळतं. ती भावना वाचनात मिसळते आणि ‘तंत्रावर जास्त भर’ असा चेहरा घेऊन बाहेर येते. मी ज्या विषयावर त्या वेळी लिहिते आहे, त्या विषयावरचं पुस्तक परीक्षणाला घेत नाही. हा नियम त्यासाठीच आहे.

तर मग करावीत का? करावीत. व्हर्जिनिया वुल्फची पहिली कादंबरी १९१५ मध्ये आली, त्याआधी दहा वर्षं ती परीक्षणं लिहीत होती. सक्तीने, मुदतीत, न निवडलेली पुस्तकं वाचून त्यांच्याबद्दल नेमकं बोलायला लागणं ही लेखकासाठी मोठी तालीम आहे. स्वतःच्या आवडीची पुस्तकं आपल्याला फारसं शिकवत नाहीत, त्यांत आपण नुसते रमतो.

तुम्ही रोज किती लिहिता?

सकाळी साधारण चारशे शब्द. दुपारी वाचन. संध्याकाळी सकाळचं तपासणं.

हा क्रम मी स्वतः शोधला असं मला बरीच वर्षं वाटत होतं. नंतर राजशेखराने आखून दिलेला कवीचा दिवस वाचला: पहिल्या प्रहरात अध्ययन, दुसऱ्यात रचना, जेवणानंतर काव्यगोष्टी आणि चौथ्या प्रहरात सकाळी रचलेल्याची तपासणी, एकट्याने किंवा मोजक्या लोकांत. कारणही त्याने दिलं आहे. रसाच्या आवेशात रचताना विवेकाची दृष्टी नसते, म्हणून मागाहून परीक्षा करावी. लिहिणारी मी आणि तपासणारी मी एका वेळी टेबलाशी बसू शकत नाही, हे हजार वर्षांपूर्वी कोणी इतकं नेमकं लिहून ठेवलं होतं.

शब्दांच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. अँथनी ट्रॉलप टपालखात्यात नोकरी करत असे आणि पहाटे साडेपाचला घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहीत असे. त्याच्या सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. फ्लोबेरने एका कादंबरीला १८५१ ते १८५६ अशी सुमारे पाच वर्षं दिली. एकेक वाक्य मोठ्याने म्हणून कानाला पटेपर्यंत तो पुढे जात नसे. दोघंही मला गुरुस्थानी आहेत. ज्या दिवशी कथा सुचलेली असते त्या दिवशी मी पहिल्याचं ऐकते, आणि ती लिहून झाली की दुसऱ्याचं.

लिहिणं अडलं तर काय करता?

अडण्याचे प्रकार असतात. शब्द सुचत नाहीत, हा त्यांतला सौम्य प्रकार. एक दिवस जाऊ दिला की तो सुटतो. अवघड प्रकार असा की लिहून होतं, पण वाचताना त्यात जीव वाटत नाही. अशा वेळी मी स्वतःच्या कथेचं परीक्षण लिहिते. खरोखर, तिऱ्हाईताने लिहावं तसं: आधी गोषवारा, मग एक उतारा, मग निष्कर्ष. गोषवारा लिहितानाच सहसा भोक सापडतं. एका कथेचा गोषवारा मी चार वेळा लिहिला आणि चारही वेळा धाकट्या बहिणीचा उल्लेखच करावा लागला नाही. कथेतली बारा पानं तिची होती. ती बारा पानं काढल्यावर कथा चालू लागली. बहिणीची पुढे वेगळी कथा झाली.

अनुवादित पुस्तकाचं परीक्षण मूळ भाषा येत नसताना करता येतं का?

मर्यादित अर्थाने येतं, आणि ती मर्यादा वाचकाला सांगायला हवी. मूळाशी किती निष्ठा राखली यावर मी काही बोलू शकत नाही. हाती आलेल्या मराठीबद्दल मात्र बोलू शकते. ‘त्याच्याकडून दार उघडलं गेलं’ असं वाक्य आलं की अनुवादकाचं लक्ष मूळ वाक्याच्या सांगाड्यावर होतं हे कळतं. आजी, कारकून आणि सहा वर्षांचा मुलगा एकाच धाटणीचं मराठी बोलत असतील तर माणसं ऐकू येत नाहीत.

सर्वांत जास्त मी पाहते ते ‘तू’ आणि ‘तुम्ही’. इंग्रजीसारख्या भाषेत या दोन्हींना एकच शब्द आहे. दोन माणसं कुठल्या क्षणी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतात हे तिथे लेखकाने लिहिलेलं नसतं, अनुवादकाला ते ठरवावं लागतं. एका अनुवादात नवराबायको पूर्ण पुस्तकभर एकमेकांना ‘तू’ म्हणतात आणि विभक्त व्हायच्या बोलण्यात ती त्याला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणते. मी पुस्तक मिटून बसून राहिले. तो अनुवादकाचा निर्णय होता आणि त्याचं नाव आत, अगदी बारीक टायपात छापलेलं होतं. अनुवादकाचं नाव न घेता केलेलं अनुवादाचं परीक्षण मी अपुरं मानते.

परीक्षणकर्त्याकडून चूक झाली तर?

दुरुस्ती छापावी, ती चूक झाली तितक्याच ठळकपणे. चूक सिद्ध होईपर्यंत वाटही पाहू नये. वाचताना शंका आली तर प्रत तपासावी, कारण दोष कधी लेखकाचा नसतोच. अमेरिकन लेखक मेलव्हिलची ‘मोबी डिक’ ही देवमाशाची कादंबरी १८५१ मध्ये आधी लंडनला निघाली, आणि त्या आवृत्तीत शेवटचा उपसंहार राहून गेला होता. जहाज बुडाल्यावर गोष्ट सांगणारा वाचला कसा, हे त्या उपसंहारातच आहे. गोष्ट सांगायला कोणी उरलंच नाही तर ती सांगितली कोणी, असं म्हणून तिथल्या काही परीक्षणकर्त्यांनी लेखकाला दोष दिला. त्यांच्या हातातल्या पुस्तकापुरतं ते बरोबर होतं. म्हणून मी कुठल्या आवृत्तीवरून लिहिते आहे हे परीक्षणाच्या माथ्यावर देते आणि कच्च्या प्रतीवरून लिहिलं असेल तर छापील प्रत आल्यावर शेवटचं प्रकरण पुन्हा पाहते.

पुस्तकांना तारे किंवा गुण देता का?

नाही. साडेतीन तारे दिले की वाचक परीक्षण वाचत नाही, आणि एका कवितासंग्रहाचे साडेतीन आणि एका चरित्राचे साडेतीन यांत काहीच साम्य नसतं.

यंत्राकडून सारांश करून घेऊन परीक्षण लिहिलं तर?

चिठ्ठीवरचे ते पानांचे आकडे कुठून आणणार? परीक्षण म्हणजे एका माणसाच्या वाचनाची हकिकत. वाचनच झालं नसेल तर सांगण्यासारखं काही नाही.

तुमच्या पुस्तकावर वाईट परीक्षण आलं तर उत्तर देता का?

तथ्याची चूक असेल तर संपादकांना दोन ओळींचं पत्र. मताला उत्तर नाही. वाईट परीक्षण आलं की पहिले दोन दिवस मला ते पाठ होतं, त्यावर उपाय सापडलेला नाही. महिन्याभराने ते पुन्हा काढून वाचते. एका परीक्षणात लिहिलं होतं की माझ्या कथांतली माणसं एकमेकांना कधी मध्येच तोडत नाहीत, रांगेत उभं राहिल्यासारखी बोलतात. वाचून फार लागलं. महिन्यानंतर सगळे संवाद तपासले आणि ते शब्दशः खरं निघालं. त्या परीक्षणकर्त्याला मी कधी भेटलेले नाही, पण त्यानंतरच्या प्रत्येक संवादात त्याचा हात आहे.

न वाचता लिहिलेलं कौतुक जास्त एकटं पाडतं, हेही सांगते. माझ्या एका संग्रहावर भरभरून लिहून आलं होतं आणि त्यात उल्लेखलेली प्रत्येक गोष्ट पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या मजकुरातलीच होती.

माझं हस्तलिखित वाचून अभिप्राय द्याल का?

वर्षातून दोन-तीनच वाचू शकते, म्हणून बहुतेकांना नाही म्हणावं लागतं. त्याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्यासारखंच लिहू पाहणारी दोन माणसं शोधा आणि एकमेकांचं वाचा. त्यांना ‘कसं वाटलं’ असं विचारू नका. ‘कुठे थांबलात’ असं विचारा.

एखाद्या पुस्तकाबद्दलचं मत नंतर बदललं आहे का?

हो. एका म्हाताऱ्या बाईच्या एकटेपणावरच्या कादंबरीला मी तिशीत ‘एकसुरी’ म्हटलं होतं. आईच्या शेवटच्या वर्षात ती पुन्हा हाती आली. त्यात एक पूर्ण पान आहे, ती बाई कुलूप लावते, परत येऊन ओढून पाहते, पुन्हा येऊन पाहते. तिशीत मला ती पुनरुक्ती वाटली होती. मधल्या काळात मी आईला तसं करताना पाहिलं होतं. जुनं परीक्षण संग्रहात घेताना मी ते बदललं नाही, खाली तारखेसह नवी टीप जोडली. तिशीतलं वाचन खोटं नव्हतं. त्या वाचनाला काय दिसलं नाही, हे त्याच्याशेजारी नोंदलेलं असावं एवढंच मला वाटलं.

परीक्षणं लिहायला सुरुवात कशी करावी?

घरात असलेलं, कोणी मागितलेलं नसलेलं एक पुस्तक घ्या आणि सहाशे शब्द लिहा. शब्दमर्यादा पाळा, ती पाळताना आपला मुद्दा कोणता ते कळतं. लेखकाला काय करायचं होतं ते आधी लिहा. तुम्हाला काय हवं होतं ते नंतर, आणि वेगळ्या परिच्छेदात. अशी दहा झाली की त्यांतलं बरं वाटेल ते संपादकांना पाठवा. मानधन कमी असतं, उशिरा येतं, काही ठिकाणी प्रतीवरच भागवतात. पोटापाण्याची सोय दुसरीकडे असू द्या.

सध्या काय वाचता आहात?

एक पहिलीच कादंबरी, दुसऱ्यांदा. चिठ्ठीवर सात आकडे आहेत आणि त्यांतले सहा उलगडले आहेत. एकशे बाराव्या पानावर मी का थांबले होते ते काल कळलं: तिथे बाप मुलाला पत्र लिहितो आणि ‘तुझा’ लिहून पुढे काहीच लिहीत नाही, आणि लेखिका त्यावर एक अक्षर बोलत नाही. दोनशे तिसऱ्या पानावर काय आहे ते मला अजून दिसलेलं नाही. परीक्षण शुक्रवारी द्यायचं होतं. संपादकांकडे आणखी चार दिवस मागून घेतले आहेत.